रिकामं खोकं

पक्षी महोत्सवाची रांग निसर्ग केंद्राच्या फाटकाबाहेर आली होती. रांगेतल्या एका शिक्षिकेच्या पुढे एक नवरा-बायको. नवऱ्याच्या काखेत भोकं पाडलेलं खोकं. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते.

“रिकामं खोकं कशाला आणलंत?” बायकोने विचारलं.

“आज सोडणार आहेत ती घार परत न्यावी लागली तर? तिला अजून उजवीकडे वळता येत नाही.”

“डॉक्टरांनी तपासलंय ना?”

“पिंजऱ्यात! दोन महिने घरी मी भरवलंय तिला. सोडायच्या आधी सांगतोच त्यांना.”

“अहो, सोडली.”

“काय?”

“पहाटेच. गर्दीला बुजेल म्हणून. काल फोन आला होता.”

“आणि आत्ता सांगतेस?”

“काल सांगितलं असतं, तर तिला घरी घेऊन आला असतात.”

रांग सरकली. तो हललाच नाही.

“वळली कुठे?”

“उजवीकडे.”

“तुला काय माहीत? पहाटे तू तर दूध आणायला गेली होतीस.”

“दूध कालचंच होतं. खोकं द्या इकडे.”