मोठ्या रांजणातलं गाणं

— नाही, नाही, पेल्यावर हात ठेवायचा नाही साहेब, आमच्या कखेतीत पाहुणे असं करत नाहीत. आणि तोंड का वाकडं केलंत? सापेरावी द्राक्षाची वाइन नाही म्हणून? अहो, सापेरावी काय, तुमच्या तिबिलिसी शहरात गल्लोगल्ली मिळते, विमानतळावरही मिळते, सोनेरी अक्षरांची चिठ्ठी लावून! ही चितिस्त्वाला. म्हणजे चिमणीचा डोळा — द्राक्षाचा दाणा तेवढाच असतो, आणि तसाच टक लावून बघतो. दुसरा घोट घ्या. आधी कच्च्या अक्रोडाची साल चावल्यासारखं लागतं, मग मागून मध येतो. आला ना? हळूच येतो तो. ही कुठं मिळायची नाही तुम्हाला — माझ्या विहिरीमागच्या ओळी सोडल्या तर आख्ख्या गावात वेल उरला नाही, आणि त्याही उद्या तुमचा ट्रॅक्टर उपटणार. सापेरावी लावायला. जेवण झालं की आमचा तेंगिझ मळा विकल्याच्या कागदावर सही करणार, हो ना?

ऐका, तेंगिझ गातोय बघा. रिकाम्या रांजणातून आवाज कसा घुमतो — जमीनच गातेय वाटतं. जमिनीत पुरलेला, माणूस उभा मावेल एवढा रांजण, तो घासताना गायचंच असतं आमच्यात. हौस म्हणून नाही हो! आतल्याचा सूर चालू, तर श्वास चालू. सूर तुटला की वरच्यानं दोर ओढायचा. ओमारी, माझा नवरा, आत उतरला की मी दोर धरून काठावर बसायची. बेसूर गायचा, पण थांबायचा नाही.

हा तेंगिझ पुतण्या त्याचा. मळा त्याच्याच नावावर केला ओमारीनं, काय बघून केला देव जाणे. काल मला म्हणतो, ‘काकू, तुझ्या चिमणीचं नावसुद्धा लोकांना घेता येत नाही, बाटली काय घेतील?’ मी म्हटलं, तुझं तरी नाव कोण घेतं रे गावात? हसला मेला. हसतो छान, ते मात्र खरं — घ्या, पनीर घ्या, भाकरी गरम आहे.

यंदा चितिस्त्वाला मी लवकर खुडली. खुडणारच की, तुम्ही वेल कापायच्या आत. मोठ्या रांजणाशेजारी लहान रांजण आहे ना, त्यात भरलीय, आणि आता आंबून अशी उकळतेय म्हणता! बुडबुड बुडबुड, रात्रंदिवस. त्याचा वाफारा जड असतो. वर जात नाही, जमिनीवरून सरपटतो आणि खड्डा दिसेल तिथं उतरतो. वास नाही, रंग नाही. म्हणून तर उतरण्याआधी आत पेटती मेणबत्ती सोडायची — विझली तर उतरायचं नाही. वरच्या आळीत एक भाऊ तसाच उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांना एकाच दिवशी पुरलं.

तेंगिझला नको होती मेणबत्ती. म्हणाला, ‘काकू, रांजण धुवायचाय, चर्च नाही.’ तुमचीच घाई होती ना, आजच्या आज मोठा रांजण लखलखीत हवा म्हणून? मग मी कोण आग्रह करणारी. ही काय मेणबत्ती, अजून माझ्या खिशातच आहे. रांजणांच्या खोलीचं दार तेवढं ओढून घेतलं येताना. माश्या येतात हो.

दोर? दोर खुंटीला आहे.

बसा. उठलात कशाला? तिथं जाऊन काय करणार तुम्ही — सांगितलं ना आत्ता, दोन भावांचं? पेला संपवा आधी.

थांबला का? छे, कडवं आठवत असेल पुढचं. त्याला ते गाणं कधीच पुरतं पाठ नव्हतं.