ग्रुत्साच्या नावावर गेलेली फेरी

गेनोवेफा : पुन्हा वाच. मोठ्याने वाच, लेनार्दलाही ऐकू दे.

सेवेरीन : काकू, ते चुकलंय हे मी मान्य केलंय.

गेनोवेफा : नुसतं चुकलंय म्हणे. लेनार्द, या सेवेरीनच्या इंटरनेटवर माझा नवरा मेल्यानंतर चार मोसम शर्यतीत मोटारसायकल पळवत होता. जिवंतपणी त्याची गाडी चालू व्हायला निम्मा क्लब मागून ढकलायला लागायचा. मेल्यावर बघ कसा सुटलाय.

लेनार्द : पॉइंट किती केले?

गेनोवेफा : कोणी?

लेनार्द : बोगदानने. मेल्यावर.

सेवेरीन : तो दुसरा बोगदान म्रोझेक, लेनार्दकाका. समुद्राकडचा. नाव तेच, खेळ तोच. दोघांची नोंद एकात मिसळली. त्यामुळे आपला बोगदान एकाच रविवारी दोन गावांत शर्यतीला उतरलेला दिसतो.

गेनोवेफा : आणि रविवारी घरचा कोळसा वर आणायला मात्र कधी सापडला नाही. केक घे लेनार्द, काळ्या खसखशीचा आहे. तू पण घे सेवेरीन. तुझ्यावर राग आहे म्हणून तुला उपाशी ठेवणार नाही.

सेवेरीन : पाणीपुरवठ्यातली नोकरी करून उरलेल्या वेळात मी शर्यतींचं हे पान सांभाळतो, काकू. कोणी पगार देत नाही त्याचा.

गेनोवेफा : पगार देत असते तर मी हात धरून साहेबापुढे नेलं असतं तुला. आता या लेनार्दला खरी गोष्ट सांग. मेलेल्याचं राहू दे. शेवटच्या फेरीचं सांग.

लेनार्द : कुठल्या शर्यतीची शेवटची फेरी?

गेनोवेफा : कुठल्या म्हणजे? आपण श्लेस्कवाल्यांना हरवून पहिल्या लीगमध्ये गेलो, ती. तू होतास की तिथे.

लेनार्द : होतो म्हणतात.

गेनोवेफा : शुक्रवारी रंगारी येणार आहे स्टेडियमवर. रस्त्याकडच्या लांब भिंतीवर ती अख्खी शर्यत लिहिणार, कुठल्या फेरीत कोण पहिला ते. आणि क्लबची पोरं ती उतरवून कशावरून घेणार? याच्या पानावरून. माझी लुत्सिना नॉर्वेहून येतेय, लेकरं-नातू घेऊन. जन्मभर ती सांगत आली की माझा बाप पहिला आला त्या दिवशी मी जन्मले. आणि भिंतीवर काय वाचेल ती? वाच रे.

सेवेरीन : "शेवटची फेरी. प्रथम, वालेन्ती ग्रुत्सा."

लेनार्द : ग्रुत्सा? तो तर तेव्हा लष्करात होता. बराकीत बटाटे सोलत होता.

गेनोवेफा : ऐक. ज्याला काही आठवत नाही त्यालासुद्धा एवढं आठवतं. आणि ग्रुत्सा पहिला? बराकीत नसता तरी आला नसता. रविवारी संध्याकाळी त्याची आई त्याला आवाजावरून ओळखायची. पुढे असणाऱ्याचं तोंड स्वच्छ राहतं, मागच्याचं ट्रॅकच्या काळ्या कचीने माखतं, हे आपल्या गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. ग्रुत्साने जन्मभर दुसऱ्याच्या मागच्या चाकाची कच खाल्ली. बायको मिळाली ती पण आधी दुसऱ्याने सोडलेली.

लेनार्द : गेनिया, ती बिचारी वारली.

गेनोवेफा : चांगली होती. मी ग्रुत्साबद्दल बोलतेय.

सेवेरीन : म्हणजे कसं झालं सांगतो. शर्यतीची पुस्तिका आठवडाभर आधी छापायचे. त्यात ग्रुत्साचं नाव आहे. ऐनवेळी बदल झाला की भोंग्यावरून सांगायचे, आणि लोक आपापल्या पुस्तिकेत पेन्सिलीने दुरुस्त करायचे.

लेनार्द : हो. एका हातात पेन्सिल, एका हातात सूर्यफुलाच्या बिया.

सेवेरीन : पण पुस्तिका जमवणारे लोक कोरी पुस्तिका जपतात. पेन्सिल लागलेली त्यांना खराब वाटते. माझ्या आधी ज्याने हे पान सुरू केलं, त्याने कोऱ्या पुस्तिकेवरून उतरवलं.

गेनोवेफा : म्हणजे जो शर्यत बघायला गेला त्याचं खोटं, आणि ज्याने पुस्तिका कपाटात ठेवली त्याचं खरं.

सेवेरीन : तसंच झालं ते. मी मग पेन्सिलवाल्या तीन पुस्तिका मिळवल्या. एकीत शेवटच्या फेरीला पहिला बोगदान म्रोझेक आहे.

गेनोवेफा : झालं. लिही.

सेवेरीन : दुसरीत लेनार्द शिमुरा आहे. म्हणजे हे काका.

लेनार्द : मी?

सेवेरीन : आणि तिसरीत त्या जागी बिअर सांडलीय.

गेनोवेफा : ती आपल्या गावातली सगळ्यात खरी पुस्तिका.

लेनार्द : पण असं तीन तऱ्हांनी कसं लिहिलं लोकांनी?

सेवेरीन : भोंगा बंद पडला होता, काका. ग्रुत्सा नव्हता, आणि कॅप्टनची गाडी शेवटच्या फेरीला सुरुवातीच्या फितीपाशीच बंद पडली. फेरीत आपले दोघं आणि त्यांचे दोघं असतात, म्हणून आपले दोन्ही राखीव उतरले. एक बोगदानकाका, एक तुम्ही. एकाच्या हेल्मेटवर लाल कापड, एकाच्या निळं. आपल्यातला एक पहिला आला आणि एक तिसरा, एवढं तिन्ही पुस्तिकांत जुळतं. कोण कुठला, ते नाही.

गेनोवेफा : फोटो आहे ना तुझ्याकडे?

सेवेरीन : आहे. हा बघा. काळा-पांढरा. लाल पण करडं दिसतं, निळं पण करडं. चष्मा, नाकावर फडकं. लोकांनी याच्याखाली काय काय लिहिलंय. एक म्हणतो बोगदान, एक म्हणतो लेनार्द, एक म्हणतो हा फोटो या शर्यतीचा नाहीच. आणि एकाने लिहिलंय की ते माझे आजोबा आहेत, पण त्याचे आजोबा सायकल चालवायचे.

लेनार्द : मला बघू. हा मी नाही वाटत. का मीच आहे? खांदा माझ्यासारखा आहे.

गेनोवेफा : खांदा सगळ्यांना असतो.

सेवेरीन : काका, म्हणून तर काकूंनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही सांगा. जो सांगायला उरलाय त्याचं मी घेतो. पहिलं कोण आलं, तुम्ही की बोगदानकाका?

लेनार्द : मी काय सांगू बाबा. मी सुरुवातीच्या एका फेरीत पडलो. पहिल्या वळणावर, कुंपणात. तेसुद्धा लोकांनी सांगितलं म्हणून. रुग्णवाहिकेतल्या बाईने तोंड धुतलं आणि डोकं बांधलं, तिचे हात आठवतात. गार होते. त्यानंतर एकदम आईचं स्वयंपाकघर आणि बीटाचं सूप.

सेवेरीन : आणि मधलं?

लेनार्द : मधे काही नाहीच.

सेवेरीन : पण तुम्ही शेवटच्या फेरीला उतरलात, हे तर नक्की आहे. डोकं फुटलेल्याला कसं उतरू दिलं?

गेनोवेफा : तेव्हा कोण विचारतो. दोन बोटं दाखवायचे, दोन म्हणालास की बस गाडीवर. तीन म्हणालास तरी बस.

लेनार्द : मी उतरलो नाही असंच मी इतकी वर्षं धरून चाललोय. लोक म्हणायचे उतरलास, मी म्हणायचो असेल. पण खरं म्हणजे आईमुळे. सूप वाढताना ती म्हणाली, काय रे, आज अगदी चर्चमधून आल्यासारखा दिसतोयस, गाडीवर बसलास की कुंपणाला टेकून बघत उभा राहिलास? कपाळाला पट्टी आणि तोंड लख्ख. म्हणून मला वाटलं, नसेनच बसलो.

गेनोवेफा : तुझी आई कधी चांगलं बोलली आहे का कोणाला? माझ्या लग्नात मला म्हणाली, झगा सुंदर आहे, कोणाकडून मागून आणलास? सोड तिला. सेवेरीन, ऐकलंस ना, याला आठवत नाही. याची हरकत नाही. राहिला माझा नवरा. लिही.

सेवेरीन : काकू, असं उरलेल्याला लिहिता येत नाही. काहीतरी पुरावा लागतो. तुम्ही स्वतः बघितलंत? तुम्ही होतात स्टेडियमवर?

गेनोवेफा : मी लुत्सिनाला जन्म देत होते. खिडकीतून भोंगा ऐकू यायचा एरवी, त्या दिवशी तोही बंद. मला तर आधी वाटलं शर्यतच रद्द झाली, लोकांचा ओरडा ऐकला तेव्हा कळलं चालू आहे.

सेवेरीन : मग बोगदानकाकांनी सांगितलं?

गेनोवेफा : सांगितलं काय, दाखवलं. ट्रॅकवरून उठला तो तडक दवाखान्याखाली. अंगावरचा चामड्याचा पोशाख तसाच. तेव्हा बापांना आत घेत नसत, खाली फुटपाथवर उभं राहून ओरडायचे सगळे. नर्स मला म्हणते, म्रोझेकबाई, खाली एक कोळसेवाला तुमच्या नावाने ओरडतोय. मी वाकून बघितलं. कपाळ काळं, गाल काळे, चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं आणि दात. बायका सगळ्या खिडकीशी आल्या हसायला. मी म्हटलं, हसा, हा माझा नवरा आहे, आज पहिला आलाय. आणि बरं, अख्ख्या दिवसात तो उतरला होता एकदाच. तीच शेवटची फेरी. एका फेरीत माणूस एवढा...

सेवेरीन : एवढा काय, काकू?

गेनोवेफा : काही नाही. चहा गार झाला तुझा.

(लेनार्द केकच्या बशीकडे बघत राहतो.)

सेवेरीन : तर मग हे घेतो मी. पत्नीची साक्ष. शर्यतीनंतर लगेच भेट. प्रथम, बोगदान म्रोझेक. काका, तुमची हरकत नसेल तर.

लेनार्द : माझी कसली हरकत. लिहून टाक.

गेनोवेफा : तू गप्प बस.

लेनार्द : लिही रे तू. लुत्सिना येतेय पोरं घेऊन.

गेनोवेफा : लेनार्द, मला भीक घालू नकोस. मी तुझ्याकडून कधी मीठसुद्धा मागितलं नाही.

सेवेरीन : काय झालं? मला काही समजेना. आत्ता तर तुम्हीच म्हणत होतात लिही.

लेनार्द : गेनिया, एक सांग. खालून तो काय ओरडला?

गेनोवेफा : आपण वर गेलो, म्हणाला. पहिल्या लीगमध्ये.

लेनार्द : आणि?

गेनोवेफा : मी विचारलं, पहिला तू आलास ना? तो म्हणाला, पोरगी दाखव. मी परत विचारलं. तो म्हणाला, अगं पोरगी दाखव आधी. मग नर्सने दाखवली. तो रडायला लागला, काळ्या गालांवर दोन पांढऱ्या रेघा. मला वाटलं, जिंकल्यावर रडतात तसा रडतोय.

लेनार्द : पोरगी बघून रडला असेल.

गेनोवेफा : मग घरी आल्यावर मीच जिन्यात सांगितलं, बेकरीत सांगितलं. त्याच्यासमोर सांगायचे. तो बूट साफ करत बसायचा.

सेवेरीन : काकू, मी आता पुसू का ठेवू?

गेनोवेफा : पूस. लिही, पहिला लेनार्द शिमुरा. तिसरा बोगदान म्रोझेक.

सेवेरीन : पण का? तुम्हीच मला पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून उठवून आणलंत ना, बोगदानकाकांसाठी?

गेनोवेफा : तू कधी वळणावर उभा राहिलायस? नाही. तू कोऱ्या पुस्तिकेतला माणूस. मघाशी मी ग्रुत्साच्या तोंडाबद्दल काय म्हणाले, ते तू केक खाताना ऐकलंस तरी का?

सेवेरीन : मागच्याचं तोंड... हां. अच्छा. आणि लेनार्दकाकांचं धुतलेलं होतं, आणि घरी गेले तेव्हाही लख्खच...

गेनोवेफा : आलं का ध्यानात? देवाची कृपा.

सेवेरीन : पण पुरावा म्हणून काय लिहू?

गेनोवेफा : लिही, त्याच्या आईने सांगितलं.

सेवेरीन : त्या तर कधीच्या वारल्या.

गेनोवेफा : मेलेल्यांनी चार मोसम गाड्या पळवलेल्या चालतात तुला, आणि बोललेलं चालत नाही?

लेनार्द : गेनिया, राहू दे ना. ज्याला आठवतच नाही त्याला पहिला काय आणि तिसरा काय. भिंतीवर बोगदान असू दे. मी कोणाला सांगणार नाही.

गेनोवेफा : तू सांगणार नाहीस. पण मी रोज त्या भिंतीपुढून बाजारात जाते. मला काय ग्रुत्सा समजलास, दुसऱ्याच्या फेरीवर नाव लावून बसायला?

लेनार्द : लुत्सिनाला काय सांगशील?

गेनोवेफा : सांगेन, तुझा बाप तिसरा आला होता. आणि तोंड धुवायलाही थांबला नाही. जो पहिला आला तो तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात सूप पीत होता. लिहिलंस का रे?

सेवेरीन : लिहितोय. शिमुरा, प्रथम. म्रोझेक, तृतीय. आणि तो समुद्राकडचा म्रोझेक आजच वेगळा करतो.

गेनोवेफा : कर. मेल्यावर तरी माझ्या नवऱ्याला जरा बसू दे.

लेनार्द : म्हणजे मी पहिला आलो होतो.

गेनोवेफा : आलास.

लेनार्द : सगळे ओरडले असतील ना गं?

गेनोवेफा : अख्खं गाव ओरडलं. भोंगा बंद होता, तरी वॉर्डात ऐकू आलं. मला वाटलं बोगदानसाठी ओरडताहेत.

लेनार्द : कसं वाटलं असेल मला?

गेनोवेफा : ते आता कोण सांगणार. हे घे फडकं, तोंड पूस आधी. खसखस लागलीय. तिसरा आल्यासारखा दिसतोयस.