पाकिटातली बत्तीस घरं

तसे नाही टाकायचे, मेघना. फासे मुठीत घेऊन हलवायचे आणि मग पटावर सोडायचे. भाजीवर मीठ भुरभुरवावं तसे नव्हे. एक पलंगाखाली गेला ना? थांब, मी काढते—नको, तूच काढ, माझे गुडघे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. किती पडले? पलंगाखालचे धरत नाहीत, पुन्हा टाक. आमच्याकडे नियम म्हणजे नियम. अभिषेकशी लग्न होऊन तुला चार महिने झाले आणि अजून व्यापार खेळता येत नाही, हे ऐकून मला तुझं नव्हे, तुझ्या सासऱ्याचं नवल वाटलं. अण्णा माझा सख्खा धाकटा भाऊ, या गिरगावच्या खोलीत, याच जमिनीवर पालथं पडून तो हा खेळ शिकला. आणि सुनेला एवढंही शिकवलं नाही त्याने? बरं, रविवारचं म्हणतेस का? त्याच्या पंचाहत्तरीचं? पत्रिका पाहिली मी. दोनदा वाचली. चूक सापडली नाही, म्हणजे तूच तपासली असणार; अण्णाकडून हे होणं नाही. येईन की नाही, ते डाव संपला की सांगते. आमच्याकडे डाव सहसा संपत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर ऐक. पटावर चारी बाजूंनी मुंबई मांडलेली आहे—आमच्या लहानपणची मुंबई, तिच्यात अंधेरीबिंधेरी नाही. फाशांवर पडतील तितके चौकोन पुढे जायचं. जिथे सोंगटी थांबेल ती जागा रिकामी असेल तर बँकेकडून विकत घेऊन तिच्या नावाचा पुठ्ठ्याचा पत्ता आपल्यापुढे ठेवायचा, दुसऱ्याची असेल तर मुकाट्याने भाडं द्यायचं. बँक मी. बँक नेहमी मीच असते. का म्हणजे? कोणीतरी प्रामाणिक माणूस नको का? एका रंगाच्या तिन्ही जागा एकाच्या हाती आल्या की त्यांच्यावर घरं बांधता येतात; घरं झाली की भाडं वाढतं, भाडं वाढलं की समोरचा बुडतो आणि डाव संपतो. निदान कागदावर तरी असं आहे. तू कुठे आलीस? शीव. तुझं माहेरच की. घेऊन टाक, स्वस्त आहे—पटावर, पटावर स्वस्त आहे; तुझ्या आईला सांगू नकोस. मी अँटॉप हिल. नको मला. तिथे माझी एक सहशिक्षिका राहायची, चढ चढून गेलं की ती चहाऐवजी सरबत द्यायची.

ते बटण उचलू नकोस.

तुरुंगाच्या चौकोनातलं, हो, तेच. ते अण्णाचं आहे. लहानपणी त्याची सोंगटी खिडकीतून खाली पडली—पडली कसली, त्याने टाकली, फासे मनासारखे पडले नाहीत म्हणून—तेव्हापासून तो शाळेच्या सदऱ्याच्या बटणाने खेळतो. खेळत असे. नऊ वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला तो भरल्या डावातून उठून गेला, तेव्हा तुरुंगात होता. म्हणून पट मांडला की मी त्याला तिथेच ठेवते. कोणाबरोबर मांडते म्हणजे? मांडते कधीमधी. उजव्या हाताने मी खेळते, डाव्या हाताने समोरचा. डावा हात फार चुका करतो. माझ्याकडे अशी बघू नकोस, फासे टाक.

आता आमच्या घरचा नियम. खोक्याचं झाकण उलटं कर आणि आत शाईने जे लिहिलं आहे ते मोठ्याने वाच. वकिलाचा आवाज असा नसतो, आणखी मोठ्याने. 'घरातल्या घरात जमीन विकू नये, बदलू नये. वाळकेश्वर आठवावे.' ठीक. हा आमच्या आजोबांचा नियम. यामागे इतिहास आहे. आपण पाठारे प्रभू, या मुंबईतले जुने. आजोबांच्या वडिलांची वाळकेश्वरला वाडी होती, विहीर होती, नारळ होते. ती त्यांनी आपल्याच चुलतभावाला विकली. कशासाठी? तीन मुलींच्या लग्नांसाठी, आणि त्या तिन्ही लग्नांत बँड हवा होता त्यासाठी. बँड अप्रतिम वाजला असं सांगतात. नंतर त्याच विहिरीचं पाणी मागायला गेले, तर चुलतभाऊ म्हणाला, आधी विचारून येत जा. तर ते वाळकेश्वर आठवायचं आणि बँकेकडून घेतलेली जागा कोणालाही द्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी द्यायची नाही.

परिणाम काय? परिणाम असा की कोणाचाच रंग पुरा होत नाही. चौघांत पत्ते विखुरलेले, कोणी कोणाला देत नाही, सगळे नुसते गोल गोल फिरतात. आई पानं वाढून हाका मारायची, आम्ही पट अलगद उचलून पलंगावर ठेवायचो, भानोलं खाऊन हात धुऊन पुन्हा उतरवायचो. ते पाकीट बघ. हलव. खडखडतंय ना? बत्तीस लाकडी घरं आहेत आत. डिंकसुद्धा सुटलेला नाही. पासष्ट वर्षं झाली, त्यांतल्या एकाही घराने हा पट पाहिलेला नाही. रंग काय आहे म्हणतेस? हिरवा असावा. खोक्यावरच्या चित्रात हिरवा आहे.

टाक. सात. चौपाटी घेतलीस? घे, घे. आणि मी—वा, मलबार हिल. नेपियन सी आधीच माझ्याकडे आहे. म्हणजे आता कशी गंमत झाली बघ: चौपाटी आणि ठाकुरद्वार तुझ्याकडे, त्याच रंगाचं गिरगाव माझ्याकडे. मलबार हिल आणि नेपियन सी माझ्याकडे, वाळकेश्वर तुझ्याकडे. दोघीच खेळायला बसल्या की असंच अडतं. आता आपण संध्याकाळपर्यंत फिरायचं, एकमेकींना भाडी द्यायची आणि—हे काय? वाळकेश्वरचा पत्ता माझ्यापुढे का सरकवलास? बदल्यात गिरगाव? मेघना, आत्ताच तुझ्या तोंडून झाकण वाचून घेतलं ना मी? उचल तो पत्ता. आणि खोक्यातून काय काढतेस? छापील कागद. आलीस वकिलीवर. 'खेळाडूंना आपापसांत जागांची खरेदी-विक्री व अदलाबदल करता येईल.' छापला आहे, ठाऊक आहे मला, मला तो कागद पाठ आहे. छापणाऱ्याचे पणजोबा गेले होते का विहिरीचं पाणी मागायला?

अण्णाने नेमकं हेच केलं होतं. नेमकी हीच जागा, हेच पत्ते. स्वतः तुरुंगात बसलेला, तिथून सौदा करायला निघाला. 'ताई, तू मला गिरगाव दे, मी तुला वाळकेश्वर देतो, दोघांचेही रंग पुरे होतील; एकदा तरी घरं बांधू या.' मी म्हटलं, नियम. तर तो सगळ्यांसमोर—तुझा अभिषेक होता, तेव्हा कॉलेजात होता, बाकीचीही होती—सगळ्यांसमोर आजोबांविषयी एक वाक्य बोलला. कोणतं, ते मी सांगणार नाही. मी म्हटलं, ज्याला आजोबांचा मान ठेवता येत नाही त्याने या पटावर बसू नये. त्याने चपला घातल्या. ओवाळायचं तबक तयार होतं. निरांजन मीच शांत केलं. झालं. त्यानंतर तो दादरला, मी इथे, आणि मधे दोनदा बारशी आणि एकदा तुझं लग्न, तिथे आम्ही एकमेकांना नमस्कार केला. व्यवस्थित, दोन्ही हात जोडून.

पाणी हवं? स्वयंपाकघरात माठ आहे, डाव्या हाताला. पेला उपडा घातलेला आहे तो घे.

मिळालं का? इतका वेळ लागतो पाणी प्यायला? अच्छा, बरण्या बघत होतीस. त्या चिठ्ठ्या माझ्याच. हळद, डाळं, परभी संबार मसाला, प्रत्येकीवर तारीख. अक्षर आवडलं? आवडायलाच हवं. छत्तीस वर्षं फळ्यावर याच अक्षरात लिहिलं, मुली घरी जाऊन गिरवत असत. बारा वर्षांची असताना सुलेखनात पहिली आले मी, आणि तेव्हापासून आजवर माझं अक्षर एका रेघेने बदललेलं नाही. मुद्दाम सांगते, तो 'ळ' बघ—हळदीतला घे नाहीतर डाळ्यातला घे—शेवटाला बारीकसा वळसा देऊन वर नेलेला. असा 'ळ' सबंध गिरगावात दुसरं कोणी—

खोक्याचं ते झाकण खाली ठेव, मेघना.

खाली ठेव म्हटलं ना.

बस. उभी राहू नकोस अशी. तू काही बोलली नाहीस, हे मान्य. बोललीस असं मी म्हणतही नाही. वाळकेश्वरची गोष्ट खरी आहे, वाडी खरी, विहीर खरी, बँड खरा. आजोबा ती गोष्ट सांगायचे, शेवटी 'आठवावे' म्हणायचे. फक्त नियम—मी बारा वर्षांची होते. अण्णा नऊचा. त्या मे महिन्यात तो मला रोज हरवत होता, आणि फाशांनी नव्हे, तोंडाने. 'ताई, परळ दे, तुला दोन शिंपले देतो. ताई, लालबाग दे, उद्या तुझी वेणी ओढणार नाही.' आणि मी देत असे; घरं बांधायची वेळ येण्याआधीच माझा डाव बुडत असे. मला नियम पाठ असत, पण कोणी गोड बोललं की माझ्याने नाही म्हणवत नाही. अजूनही म्हणवत नाही. कोळणीशी मी भाव करत नाही ते लोकांना तत्त्व वाटतं. तुला हसू येतंय, येऊ दे. जूनमध्ये आजोबा गेले. त्यांचं पेन माझ्याकडे आलं. मी झाकणावर लिहिलं आणि सांगितलं, हे आजोबांनी लिहून ठेवलं होतं. आईने वाचून डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर खोटं कसं मोडणार? तू सांग, तू वकील आहेस.

अण्णाने झाकण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फासे उचलले. नऊ वर्षांचा मुलगा. सौदा करण्यात ज्याचा जन्म गेला असता, तो पन्नासहून जास्त भाऊबीजा एकही पत्ता न बदलता खेळला. आणि मग त्या दिवशी हसत म्हणाला, 'ताई, आता तरी सोड, ते अक्षर तुझं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.' हेच ते वाक्य. आजोबांचा त्यात काही संबंध नव्हता. हसत म्हणाला गं तो. मी खोली भरून माणसं बघितली आणि मला वर्गात मागच्या बाकावर उभं केल्यासारखं झालं.

काय? पुन्हा बोल, या कानाने कमी येतं.

निघताना सांगितलं त्याने? काय सांगितलं, नीट, जसंच्या तसं सांग. 'आत्या खेळायला बसवेल, बस. हरवू नकोस, आणि काही झालं तरी झाकणावरच्या अक्षराचं काढू नकोस.' असं म्हणाला? आज? आज सकाळी?

म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं. आणि तू माझ्याकडून वदवून—नाही. तू तर पाणी प्यायला गेलीस. वकील म्हणून तुझं नाव होईल, मेघना. तू काहीच विचारत नाहीस.

चल, आवर आता. नाही, तुझ्याशी सौदा नाही करायचा मला, तुझं वाळकेश्वर तुझ्याजवळच ठेव. हा गिरगावचा पत्ता घे. पर्समध्ये ठेव, दुमडू नकोस, पासष्ट वर्षांचा आहे. हे गिरगाव आणि तुझं वाळकेश्वर, दोन्ही अण्णाच्या हातात दे. म्हणावं, गिरगाव तुला दिलं. वाळकेश्वर मला तू स्वतः द्यायचं, समोरासमोर, कोणाकरवी पाठवायचं नाही. पाकीट ठेव ते खाली, डिंक कुरतडू नकोस. ते रविवारी दोघांनी फोडायचं आहे. टॅक्सीने येईन मी, न्यायला कोणी यायची गरज नाही. पत्रिकेत साडेदहा छापलं आहे तर साडेदहालाच सुरू करा. आणि तबक मी आणते आहे, तुमच्याकडचं काढू नका. भाऊबीज नाही, हे मलाही कळतं. पंचाहत्तरीला औक्षण करतातच.

बटण? छे, ते तुरुंगातच राहील. मी ते तसंच पटासकट आणणार. सुटायचं असेल तर त्याने फासे टाकावेत. आमच्याकडे नियम म्हणजे नियम. नीघ आता. आणि दार नीट ओढून घे, कडी आपोआप लागत नाही.