येते हं

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा तिशीतला मुलगा उभे होते.

“एकटा नीट राहतोस ना रे?”

“राहतो की.”

“साहेबांना सांगितलंस, तुला अ‍ॅस्परगर आहे ते?”

“सांगितलं. ऑटिझमचाच एक प्रकार आहे, माझं टेबल गोंगाटापासून लांब हलवा म्हटलं. ते म्हणाले, बघू. मी विचारलं, कधी?”

“अरे देवा! मग?”

“हसले. दुसऱ्या दिवशी हलवलं.”

“बस आली बघ. चल, जाते मी.”

“जाते काय? येते म्हण.”

“नको रे बाबा! मागच्या खेपेला येते म्हणाले, तर दार उघडं टाकून वाट बघत बसलास.”

“तेव्हा शब्द धरून बसलो. आता कळतं, येते म्हणजे जातेच.”

“मग कशाला म्हणू?”

“म्हण गं. आता मला दार लावून वाट बघता येते.”