मथुरेला जगू दे

हॅलो? हॅलो… कोण, उमा? मी अक्का बोलतेय… अगं, डॉक्टरांच्या दवाखान्यातून. आमच्या गल्लीत फोन तेवढा त्यांच्याचकडे ना. साताऱ्याहून ट्रंककॉल आलाय म्हणून कंपाउंडर छापखान्यात बोलवायला आले, मी हातावरची शाईसुद्धा पुसली नाही… हो, हो, सगळे बरे आहेत. तूच सांग, फोन करण्याइतकं काय झालं?

माझं कार्ड मिळालं होय… खरंय ते. या लढाईपायी परमिटावर जेवढा कागद मिळाला, तेवढ्यात तुझी कादंबरी मावत नाही. शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं, राहतात…

नाही गं, मागचं काही कापता येणार नाही… अगं ऐक ना. आमच्याकडे अक्षरांचे खिळे मूठभर. एक फॉर्म जुळवायचा, छापायचा, की तेच खिळे सोडवून पुढचा जुळवायचा. मागचं सगळं छापून वाळतसुद्धा घातलंय. कापायचं तर शेवटचंच… हो, चूक माझीच. आधी कागद मोजायला हवा होता. पण बहिणीची पहिली कादंबरी, दम धरवला नाही मला.

काय म्हणालीस?… परत बोल, खरखर होतेय… मथुरेला विषमज्वर? चार ओळींत? उमा, कागद वाचवायला तू मथुरेला मारणार? अजिबात मारायचं नाही तिला, सांगून ठेवते…

थांब हं जरा… नाही हो धोंडुबाई, बसा तुम्ही. कुणी कुणाला मारत नाही. कादंबरीतली बाई आहे ती, आमच्या उमानं लिहिलेली… हो, तीच, साताऱ्याला दिलेली धाकटी.

हं, बोल. इथे बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले बघ तुझ्यामुळे.

कोण म्हणतं असं? तुझे यजमान?… पुण्यामुंबईला आता पातळ पुस्तकं काढतात, खुनाच्या गोष्टी, स्टेशनवर विकायला. काढू देत की. धंदा बदलला हे मला कळत नाही का? मासिकं बघ, निम्म्या अंगाची झालीत. पण कागद तोकडा म्हणून त्या बिचारीनं मरायचं, हे कुठलं?

आणि मला एक सांग. ही मथुरा कोण?… कुणी नाही म्हणे. नवरा गेल्यावर ती खिळे जुळवायला शिकते. एक खिळा खाली पडला तर सापडेपर्यंत जेवायला बसत नाही. आलेल्याला चहा विचारते आणि करायचा विसरते. अगं, अक्षर न् अक्षर मीच जुळवलंय. मला कळणार नाही होय?

रडू नकोस. रागावले नाही मी… खरंच नाही. माझ्यावर कुणी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, तू अख्खं पुस्तक लिहिलंस. जुळवताना डोळे भरून यायचे आणि खिळे दिसेनासे व्हायचे. म्हणून तर चुका राहिल्यात त्यात. पण एवढ्या मायेनं लिहिलंस, मग तापानं घालवतेस कशाला मला?

हं… हं… असं होय. म्हणजे कागदाचं नुसतं निमित्त.

शेवटच्या प्रकरणात मथुरा छापखान्यावरची दिराच्या नावाची पाटी उतरवते आणि स्वतःच्या नावाची लावते. आमचे हरीभावोजी ते वाचतील आणि मला छापखान्यातून बाहेर काढतील, म्हणून घाबरलीस तू… वेडी कुठली. माझ्यासाठी मलाच मारायला निघाली होतीस.

नाही, आता माझं ऐक. कागद आहे. कार्ड टाकल्यावर सुचलं मला, लग्नपत्रिकांचा ठेवलाय, गुलाबी… हो, शेवटचे दोन फॉर्म गुलाबी निघतील. निघू देत. लोक हसतील, हसू देत. लग्नवाल्यांना मी सांगून टाकलं, यंदा पत्रिका नाहीत, पूर्वीसारखी अक्षत घेऊन घरोघर फिरा. विट्याचे एक वरबाप जरा कुरकुरले. मग म्हणाले, त्या निमित्तानं सगळ्यांच्या घरी जाणं तरी होईल.

आणि भावोजींचं म्हणशील तर आता उशीर झाला गं… म्हणजे काय म्हणजे? तुझं ते प्रकरण वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी मी पाटी रंगवायला टाकली. आज सकाळी लावली… हो, माझ्या नावाची. गंगाभागीरथी नाही, श्रीमती नाही, नुसतं गोदावरी. यांच्या मागे इतकी वर्षं छापखाना मी चालवला, मग नाव दुसऱ्याचं का?

कळलंय त्यांना. निरोप आलाय, संध्याकाळी येतो म्हणून… भीती वाटते की. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

उमा, ऐक. एक काम कर. मथुरेची पाटी लागते तिथेच तू कादंबरी संपवलीस. पण दीर आल्यावर ती त्यांना काय सांगते, ते लिहिलंच नाहीस तू. ते सांग बघू मला आत्ता… तूच ठरवून सांग, मी तेच बोलेन… काय?… ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं… उमा? हॅलो?

हॅलो… एक्स्चेंज? अहो, साताऱ्याची लाइन तुटली… पुन्हा केव्हा मिळेल?… रात्री? त्याआधी नाहीच?…

बरं. मग राहू द्या. माझं मीच सांगेन.