वरची कड

काका: डाग? त्याला डाग म्हणतोस तू?

पॉलिशवाला: काका, कडीच्या खाली काळपट पट्टा होता. डागच वाटला. पॉलिश पेपर मारला, गेला.

काका: गेला म्हणे! अरे, माझ्या बायकोनं लावून बघितलेला स्टेन होता तो, लाकडाला द्यायचा रंग. या दाराचा जुना हिरवा रंग तिनं एकटीनं खरवडून काढला. मग दोन डब्यांतला स्टेन मिसळून तो पट्टा ओढला आणि म्हणाली, "हाच. आता सगळ्या दाराला हाच." तेवढं राहिलं, आणि ती गेली.

पॉलिशवाला: मग मला आधी सांगायचं ना.

काका: तू विचारायचंस ना! तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?

पॉलिशवाला: बरं, चुकलं. कसा होता रंग? अक्रोडी?

काका: तेवढा गडद नाही.

पॉलिशवाला: सागवानी? थांबा, लावून दाखवतो. हा बघा.

काका: लाल मारतोय.

पॉलिशवाला: थोडा काळा घालतो. आता?

काका: डांबर झालं! दार आहे माझं, रस्ता नाही.

पॉलिशवाला: तुम्हाला नक्की आठवतोय ना?

काका: म्हणजे काय! दिसला की ओळखीन. सांगता येत नाही, एवढंच. आणि मला कसली उलटतपासणी करतोस? ही वरची कड घासलीस? हातसुद्धा लावला नसशील.

पॉलिशवाला: दार बसवल्यावर वर कोण बघतं, काका?

काका: ओल तिथूनच शिरते, मग दार फुगतं. कामचुकार कुठला! आण ते स्टूल. दाखवतोच तुला...

(काका स्टुलावर चढतात आणि वरच्या कडेवरून बोट फिरवत राहतात.)

पॉलिशवाला: काय झालं? काका? उतरा बघू खाली.

काका: इथेही लावलाय तिनं.

पॉलिशवाला: बघू. हो की. आधी इथेच लावून बघितला असणार, दिसणार नाही अशा जागी. शहाण्या होत्या काकू.

काका: मला बोलली नाही ती हे.

पॉलिशवाला: सागवानीत चमचाभर अक्रोडी आहे हा. हे घ्या, या फळीच्या तुकड्यावर लावलाय, शेजारी धरून बघा.

काका: हं. हाच.

पॉलिशवाला: सुटलो! देतो आता सगळ्या दाराला. तुम्ही म्हणालात तशी आधी ही कड घासून घेतो...

काका: ठेव तो कागद खाली!

पॉलिशवाला: अहो, आत्ताच ओरडलात ना ओल शिरते म्हणून?

काका: वरून नुसता बिनरंगी सीलर दे, ओल शिरणार नाही. तिथला रंग देऊन झालाय.