बाबांची पावलं

दुरुस्तीवाली : गेलं! अपडेट पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत आलं आणि परत पहिल्यापासून. तिसरी वेळ, काका.

काका : पोरी, हे घड्याळ आहे की सरकारी अर्ज? घरी म्हणालं चार्जिंग कमी आहे. चार्जिंग केलं, तर म्हणे जागा नाही. आता काय, कुंडली हवीय का?

दुरुस्तीवाली : सहा वर्षांचं झालं ना. नवं सॉफ्टवेअर त्याला झेपत नाही. यातली गाणी काढू का? जरा जागा होईल.

काकू : काढ, बाळा. हे कुठे ऐकतायत.

काका : हिला कशाला विचारतेस? घड्याळ माझं आहे.

काकू : हो का? मग रोज मनगट कोणाचं असतं, तेही सांगा की.

काका : तू गप्प बस गं जरा. पोरी, मी म्हणतो, अपडेट हवंच कशाला? आहे तसं चालू दे.

दुरुस्तीवाली : नाही चालणार. उद्यापासून जुन्यावरून तुमच्या मुलीच्या फोनवर काहीच जाणार नाही.

काका : तेवढं नको हं. रोज संध्याकाळी ती तिकडे बघते, बाबा किती चालले. एक दिवस आकडा गेला नाही, तर शेजाऱ्यांना फोन करून दार तोडायला लावेल.

दुरुस्तीवाली : हं, धरलं एकदाचं. आता माहिती विचारतंय. वय?

काका : चौऱ्याहत्तर.

दुरुस्तीवाली : पायांचं काही दुखणं? पडला होतात का कधी?

काका : छे.

काकू : अहो!

दुरुस्तीवाली : काका, रागावू नका. दारातून या खुर्चीपर्यंत तुम्ही काकूंच्या खांद्याला धरून आलात. आणि इथे दिसतंय, काल सहा हजार आठशे पावलं.

काकू : ती माझी.

काका : अगं...

काकू : अगं काय? हे बाथरूममध्ये पडले त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून रोज सकाळी यांचं घड्याळ बांधून मी बागेला सात फेऱ्या मारते. लेकीला वाटतं, बाबा ठणठणीत.

काका : तिला आत्ता कुठे मनासारखं काम मिळालंय. पडलो म्हटलं असतं, तर सगळं टाकून धावत आली असती.

काकू : टाकून कशाला? सुट्टी काढून येणारच होती. पण आकडे बघून म्हणाली, "आई, बाबा तर माझ्यापेक्षा जास्त चालतात. मग पुढच्या वर्षीच येते."

दुरुस्तीवाली : पुढचा प्रश्न आलाय. काका, तुम्ही काय काम करायचात?

काका : विजेचे मीटर वाचायचो. चौतीस वर्षं.

काकू : हेच ते! बरोबरचे लोक घरात बसून अंदाजे आकडे भरायचे, तर हे त्यांच्याशी महिना महिना बोलायचे नाहीत. दारात गेल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे पोरीला रोज जेवताना ऐकवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आता शेजारचं मीटर वाचून स्वतःच्या नावावर लिहितायत.

काका : तिच्या काळजीपोटी केलं ना मी?

दुरुस्तीवाली : काका, हे आता चाल मोजायला मागतंय. ज्याचं घड्याळ त्यानं थोडं चालून दाखवायचं. खरं सांगू? काकू चालल्या तरी याला काही कळायचं नाही.

काका : मग झालं तर! हिच्या हाताला बांध.

दुरुस्तीवाली : काकू, हात द्या.

काकू : नाही.

काका : नाही म्हणजे?

काकू : दमले मी. पाय धडधाकट आहेत हो, त्यांचं काही नाही. पण एक फेरी मारली की वाटतं, पोर आणखी एक दिवस लांब गेली. आणि लांब करणारी मीच. तुम्हाला आंघोळीला धरून नेते ना, तेव्हा मला भीती वाटते. रोज वाटते. मला ती यायला हवी आहे.

काका : हे कधी बोलली नाहीस.

काकू : विचारलंत कधी?

दुरुस्तीवाली : काका, जास्त थांबलो तर हे परत पहिल्यापासून सुरू होईल.

काका : आण इकडे. माझ्या हाताला बांध. फार घट्ट नको, कातडी सोलवटते. कुठपर्यंत चालायचं?

दुरुस्तीवाली : जमेल तेवढं. दारापर्यंत जाऊन या.

काकू : धरा मला.

काका : नको. भिंत आहे ना. तू नुसती बाजूला राहा.

(काका भिंतीला हात लावत दारापर्यंत जातात आणि परत येतात. बराच वेळ लागतो.)

काका : किती झाली?

दुरुस्तीवाली : एकतीस. खाली लिहून आलंय, चाल अस्थिर. मुलीला हेही दिसेल, काका. नको असेल तर पुसते, अजून गेलं नाही.

काका : पुसू नकोस. झाली तेवढीच पाठव.

दुरुस्तीवाली : नक्की?

काका : पाठव म्हणतो ना.

दुरुस्तीवाली : गेलं.

काकू : थोडं पाणी प्या आणि उठा. तिची खोली झाडून ठेवायला हवी.